वाट पाहण्याचा करार

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्याकडे एक काम ठरलेले असे. ज्वारीचा डबा सायकलच्या कॅरियरला बांधायचा आणि पिठाच्या गिरणीत न्यायचा. पुणे-पंढरपूर रस्त्यावरचे वेळापूर हे आमचे गाव. वीज कधी जाईल याचा नेम नसे, त्यामुळे गिरणीपुढे डब्यांची रांग कायमच असे. सुरुवातीला आम्ही डब्याशेजारी उभे राहून नंबर येण्याची वाट पाहत असू. दीड-दोन तासांनी पिठाने पांढरे होऊन घरी गेलो की आई विचारी, "आणि तेल? मीठ? ते कोण आणणार?" मग हळूहळू शहाणपण आले. डबा रांगेत लावायचा, गिरणीवाल्या मामांकडून नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि दळण होईपर्यंत वाण्याकडचे, पोस्टातले काम उरकून परत यायचे. गिरणीचा वेग तोच राहिला. आमचा शनिवार मात्र मोकळा झाला.

संगणकशास्त्रात या दोन रीतींना नावे आहेत. मागणी केली की उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबायचे, ही समकालिक रीत. मागणी करून चिठ्ठी घ्यायची, मधल्या वेळात दुसरे काम करायचे आणि उत्तर आले की ते घ्यायचे, ही असमकालिक रीत. शब्द जड आहेत, पण गोष्ट दळणाइतकी साधी आहे.

साधी असली तरी तिच्यात एक मेख आहे. ही रीत चालते ती चिठ्ठीच्या भरवशावर. चिठ्ठीवर काय लिहायचे, ती कोणी सांभाळायची, काम झाल्याचे कोणी कोणाला कळवायचे, आणि कळलेच नाही तर काय करायचे? एका गावात एक गिरणी असेल तोवर हे प्रश्न पडत नाहीत. अनेक जणांची कामे एकमेकांत गुंतली की तेच प्रश्न सर्वांत मोठे होतात. त्यांची उत्तरे संगणकवाल्यांनी कशी शोधली आणि ती आपल्या खिशातल्या पैशांपर्यंत कशी येऊन पोचली, हे या लेखात पाहू.

संगणक कशाची वाट पाहतो?

संगणकाचा प्रोसेसर एक साधी क्रिया साधारणपणे एका नॅनोसेकंदात करतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटींवा भाग. एवढा लहान काळ मनात धरता येत नाही, म्हणून एक युक्ती करू. एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असे मानू आणि बाकीचे सगळे त्याच प्रमाणात ताणू.

या मापाने संगणकाच्या मुख्य स्मृतीतून एखादा आकडा आणायला सुमारे १०० सेकंद लागतात, म्हणजे दीड मिनिटाहून थोडे अधिक. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून माहिती आणायला प्रत्यक्षात १० मिलिसेकंद लागतात. आपल्या मापाने ते एक कोटी सेकंद होतात, म्हणजे सुमारे ११६ दिवस, जवळजवळ चार महिने. आणि मुंबईतल्या संगणकाने अमेरिकेतल्या संगणकाला प्रश्न विचारून उत्तर मिळवायला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर आपल्या मापाने ती सहा वर्षांहून अधिक वाट झाली. हे गुणाकार-भागाकार आठवी-नववीच्या वर्गात करून घेण्यासारखे आहेत.

आता डब्याशेजारी सहा वर्षे उभे राहणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. समकालिक रीतीने लिहिलेला प्रोग्रॅम नेमके हेच करतो.

यावर जुना उपाय असा होता की प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वेगळा कारकून नेमायचा. एक कारकून उत्तराची वाट पाहत बसला तरी दुसरे काम करत राहतील. पण प्रत्येक कारकुनाला बसायला जागा लागते, म्हणजे संगणकाची स्मृती लागते, आणि कोणाची पाळी कधी हे ठरवण्यातही वेळ जातो. १९९९ मध्ये डॅन केगेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक प्रश्न मांडला : एकाच संगणकाला एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके सांभाळता आली पाहिजेत; ते कसे जमवायचे? या प्रश्नाच्या चर्चेत ज्या उपायाला मोठे महत्त्व आले, तो आमच्या शनिवारसारखाच आहे. कारकून एकच, पण त्याच्याजवळ चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तो सतत एवढेच पाहतो : कोणत्या चिठ्ठीचे उत्तर आले आहे? आले असेल तर त्या गिऱ्हाइकाचे पुढचे काम थोडे सरकवायचे, पुन्हा थांबायची वेळ आली की नवी चिठ्ठी गठ्ठ्यात ठेवायची आणि पुढच्याकडे वळायचे. या न संपणाऱ्या फेरीला आपण घटनाचक्र म्हणू.

असे घटनाचक्र प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नव्याने बांधू नये, म्हणून ते तयार सांगाड्याच्या रूपात मिळू लागले. अशा सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

तीन दुकाने, तीन रीती

गिरणीत चिठ्ठी मिळे, पण आमच्या गावातल्या सगळ्याच दुकानांची रीत तशी नव्हती. डंकावर मिरची कांडायला दिली की तिथल्या मावशी नाव पुकारत, तेही एकदाच. त्या वेळी आपण हाकेच्या टप्प्यात नसलो तर आपली मिरची मागे पडे. शिंप्याकडे चिठ्ठीही नाही आणि हाकही नाही. "गुरुवारी बघ" एवढेच उत्तर. म्हणजे गुरुवारी जाऊन विचारायचे, "झाला का सदरा?" आणि नसेल झाला तर शुक्रवारी पुन्हा.

प्रत्येक रीत आपल्या जागी ठीक होती. पंचाईत व्हायची ती एकाच मुलाला तिन्ही कामे सांगितल्यावर. डंकावर कान देऊन बसावे तर गिरणीतला नंबर जाई, आणि गिरणीत थांबावे तर मावशींची हाक हुके.

फ्रेमवर्कांच्या जगात नेमके असेच झाले. पायथन ही संगणकभाषा घेऊ, कारण आता ती आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतही शिकवली जाते. त्या भाषेत ट्विस्टेड नावाचे फ्रेमवर्क २००२ च्या सुमारास आले, टॉर्नेडो २००९ मध्ये खुले झाले, शिवाय आणखीही काही होती. प्रत्येकाचे घटनाचक्र वेगळे, चिठ्ठीचा नमुना वेगळा. प्रत्येक चक्राची समजूत अशी की या प्रोग्रॅमचा मालक मीच. सगळ्यांनी माझ्या दारात थांबावे. त्यामुळे एका फ्रेमवर्कसाठी लिहिलेला माहितीसाठ्याशी बोलणारा भाग दुसऱ्यात जसाच्या तसा बसवता येत नसे.

याचा हिशेब सोपा आहे. पाच प्रकारची कामे आणि तीन फ्रेमवर्क असतील, तर प्रत्येक काम तीनदा लिहावे लागेल. एकूण १५ तुकडे. त्याऐवजी मध्ये सर्वांना मान्य असा एकच ठराव असेल, तर पाच कामे एकेकदा त्या ठरावाप्रमाणे लिहायची आणि तीन फ्रेमवर्कांनी तो ठराव पाळायचा. मग आठ तुकड्यांत भागते. अशा ठरावाला इंटरफेस म्हणतात. घरातल्या विजेच्या सॉकेटच्या भोकांचा आकार आणि त्यांतील अंतर हा एक इंटरफेसच आहे. वीज कोयनेहून आली की पवनचक्कीतून, हे मिक्सरला माहीत नसते, आणि पलीकडे मिक्सर आहे की दिवा, हे सॉकेटला माहीत नसते.

डिसेंबर २०१२ मध्ये पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी असाच एक प्रस्ताव मांडला. त्याचा क्रमांक ३१५६. त्यात त्यांनी घटनाचक्राला बाहेरून कोणकोणत्या गोष्टी सांगता आल्या पाहिजेत याची यादी ठरवून दिली : हे काम नंतर कर, इतक्या वेळाने कर, या जोडणीवर काही आले तर मला कळव. सोबत एक चालते घटनाचक्र दिले होतेच, पण त्याच्या जागी तीच यादी पाळणारे दुसरे कोणतेही चक्र बसवता यावे, असा हेतू होता. मार्च २०१४ मध्ये पायथनच्या ३.४ या आवृत्तीबरोबर हा भाग आला. टॉर्नेडोने २०१८ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून आपले चक्र बाजूला ठेवून हे सामाईक चक्र वापरायला सुरुवात केली.

करार किती लहान असावा?

दुसरे उदाहरण जावास्क्रिप्टचे. आपण संगणकावर कोणतेही संकेतस्थळ उघडतो तेव्हा पडद्यामागे बहुधा ही भाषा चालू असते. तिच्यात चिठ्ठीला प्रॉमिस, म्हणजे वचन म्हणतात. हा शब्द नवा नाही. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी तो १९७६ मध्ये वापरला होता, आणि बार्बरा लिस्कॉव्ह व लिउबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये त्याला दूरवरच्या संगणकांशी बोलण्यासाठी उपयोगी असे रूप दिले. 'आत्ता उत्तर नाही, पण ते मिळेल तेव्हा इथे मिळेल' असे सांगणारी वस्तू म्हणजे वचन.

जावास्क्रिप्टमध्ये अशा वचनांचे अनेक संच निघाले आणि पुन्हा तीच पंचाईत झाली. तेव्हा २०१२ च्या सुमारास काही जणांनी मिळून एक छोटा ठराव केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या वस्तूला 'उत्तर आले की मग हे कर' असे सांगता येते, तिला आम्ही वचन मानू. ती कोणी बनवली, आतून कशी चालते, याची चौकशी नको. त्याबरोबर काही नियम आले. वचन एकदाच पुरे होईल किंवा एकदाच मोडेल, आणि त्यानंतर बदलणार नाही. आणि 'मग' म्हणून सांगितलेले काम, उत्तर आधीच तयार असले तरी, हातातले काम संपल्याशिवाय सुरू होणार नाही. वचन तयार कसे करायचे, याबद्दल त्या ठरावात एक शब्दही नव्हता. जिथे मतभेद होते ते बाहेर ठेवले आणि जिथे सगळ्यांना एकमेकांशी बोलावेच लागते तेवढेच ठरवले. २०१५ मध्ये वचन जावास्क्रिप्टच्या प्रमाण भाषेचाच भाग झाले.

जावा भाषेतही असा एक करार २०१५ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तो त्या भाषेत आला. त्यात एकाऐवजी उत्तरांची धार लागते अशा कामांचा विचार आहे. गिरणीतून पीठ पडतच आहे आणि आपला डबा भरला, तर? म्हणून या करारात घेणाऱ्याने आधी सांगायचे, 'मला आता दहा दे'. देणाऱ्याने दहापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. सगळ्या करारात मिळून सात क्रिया आहेत. त्यांच्या वागण्याचे नियम मात्र चाळीसहून अधिक आहेत. या प्रमाणात सगळा धडा आहे. क्रियांची नावे ठरवणे सोपे असते. कोणी, केव्हा, किती वेळा आणि चूक झाली तर काय, यावर एकमत करणे अवघड असते.

टाळ का वाजत राहतो?

असा करार आमच्या गावावरून दरवर्षी जातो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा एक मुक्काम वेळापूरला असतो. सोहळ्यात शेकडो दिंड्या. प्रत्येक दिंडीचा स्वयंपाक वेगळा, राहुट्या वेगळ्या, हिशेब वेगळे, चालवणारी माणसे वेगळी. त्या कारभारात कोणी ढवळाढवळ करत नाही. पण मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात आणि सगळे टाळ शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, मगच पुढे आरती होते. हरवल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात.

संगणकाच्या भाषेत बोलायचे तर हा फार विचारपूर्वक केलेला इंटरफेस आहे. लहान आहे, कोणाच्या घरात डोकावत नाही, आणि चूक कळवण्याची वेगळी खूण त्यात आहे. शांतता म्हणजे 'सगळे ठीक', टाळ म्हणजे 'काहीतरी बिनसले'.

पण शांततेचा असा अर्थ लावता येतो, कारण सगळ्या दिंड्या एकाच तळावर, एकमेकींच्या नजरेसमोर असतात. संगणकांच्या जाळ्यात ती सोय नाही. तिथे पलीकडून काही ऐकू येत नसेल, तर काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले, काम झालेच नाही, किंवा काम अजून चालू आहे, यांपैकी काहीही असू शकते. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. हा फरक आम्हांला पुस्तकात वाचून माहीत होता. पण तो पक्का समजला तो खताच्या दुकानात.

दोनदा दिलेले पैसे

काही वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीत गावी गेलो होतो. आमचे चुलते खत घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलो. पोती गाडीवर चढली. आम्ही मोबाइलवरून ४,२०० रुपये पाठवले. पडद्यावर चक्र फिरत राहिले. पैसे आल्याचे बोलून सांगणारी दुकानातली डबी गप्प. "सर, आलं नाही अजून," दुकानदार म्हणाले. मागे चार माणसे उभी होती. आम्ही थोडा वेळ थांबलो, मग संकोचून पुन्हा ४,२०० पाठवले. ते लगेच पोचले. आम्ही घरी जाऊन चहाला बसलो, तोच दुकानदारांचा फोन आला : पहिलेही आले आहेत. त्यांनी ते परत केले. वाटेतल्या कोणत्या तरी बँकेचे उत्तर उशिरा आले होते, एवढेच.

चुलते म्हणाले, "तुझ्याजवळ दुसऱ्यांदा द्यायला होते म्हणून. माझ्या खात्यात तेवढेच असते, तर पोती उतरवावी लागली असती." हे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवले होते, आणि त्या दुकानात आम्हीच न आलेल्या उत्तराला नकार समजून मोकळे झालो होतो.

ज्या व्यवस्थेतून ते पैसे गेले तिच्या नावातच इंटरफेस हा शब्द आहे : युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजे यूपीआय. ती चालवणारे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हे महामंडळ २००८ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली, तेव्हा तिच्यात २१ बँका होत्या. प्रत्येक बँकेने दुसऱ्या प्रत्येक बँकेशी स्वतंत्र जोडणी करायची म्हटली, तर २१ × २० ÷ २, म्हणजे २१० जोडण्या लागल्या असत्या. पुढे बँका सहाशेच्या वर गेल्या. ६०० बँकांचा हिशेब केला तर १,७९,७०० जोडण्या होतात. सामाईक करारामुळे प्रत्येक बँकेला मध्यवर्ती यंत्रणेशी एकच जोडणी पुरते. आतली व्यवस्था कोणत्या भाषेत लिहिली आहे, किती जुनी आहे, हा ज्या त्या बँकेचा प्रश्न.

हा करार मुळातून असमकालिक आहे. एका बाजूने मागणी गेली की दुसरी बाजू लगेच फक्त पोच देते : 'तुमचा निरोप मिळाला.' पोच म्हणजे उत्तर नव्हे. खरे उत्तर नंतर वेगळ्या निरोपाने येते. पैसे घेणाऱ्याचा पत्ता शोधणे, देणाऱ्याच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगणे, घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगणे, अशा मुख्य पायऱ्यांवर मागणी, पोच आणि उत्तर हे तिन्ही निरोप फिरतात. पडद्यावरचे चक्र फिरते तेव्हा पाठीमागे हे चाललेले असते.

असे का केले असावे? ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या महिन्याचे सेकंद २६,७८,४००. म्हणजे सरासरीने दर सेकंदाला सुमारे ७,५०० व्यवहार. रांगेच्या शास्त्रातला एक साधा नियम आहे : येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे एका क्षणी अडकलेल्यांची संख्या. प्रत्येक व्यवहार दोन सेकंद थांबला तर १५,००० व्यवहार वाटेत असतील. बँका मंदावून तोच वेळ ३० सेकंद झाला तर २,२५,०००. इतक्या डब्यांशेजारी एकेक कारकून उभा करणे परवडणारे नाही. चिठ्ठीच हवी.

चिठ्ठीने द्यायची चार उत्तरे

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे परत येऊ. असमकालिक कामाचा कोणताही सामाईक करार चार प्रश्नांची उत्तरे देतो की नाही, यावर त्याची परीक्षा होते.

पहिला प्रश्न : उत्तर कोणत्या मागणीचे हे कसे ओळखायचे? गिरणीत डब्याच्या झाकणावर खडूने नंबर असे. यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला ३५ अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख असते आणि ती प्रत्येक निरोपाबरोबर फिरते.

दुसरा प्रश्न : तोच निरोप दोनदा आला तर? ओळख तीच असेल तर तो जुनाच निरोप आहे, नवे काम नाही, असे घेणाऱ्याला कळले पाहिजे. आमच्या खताच्या वेळी आम्ही नव्याने व्यवहार केला, म्हणजे नवी ओळख तयार झाली. यंत्रणेच्या दृष्टीने ती दोन वेगळी देणी होती, आणि तिने दोन्ही इमानाने पोचवली.

तिसरा प्रश्न : उत्तर आलेच नाही तर? यासाठी करारात यश आणि अपयश यांच्या जोडीला 'अजून ठरले नाही' ही तिसरी अवस्था हवी, आणि तिला मुदत हवी. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ही मुदत घालून दिली. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. 'किती वेळ वाट पाहायची' हा संगणकवाल्यांच्या करारातला आकडा इथे नागरिकाचा हक्क झाला.

चौथा प्रश्न सर्वांत सहज विसरला जातो : विचारणाऱ्याने किती वेळा विचारावे? उत्तर येत नसेल तर 'माझ्या व्यवहाराचे काय झाले?' असे विचारण्याची सोय यूपीआयमध्ये आहे. ती हवीच. पण १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास कोलमडले, आणि नंतरच्या तपासणीत कारण निघाले ते हेच. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा पुन्हा पुन्हा विचारणा होत होती, आणि त्या पुरात यंत्रणा बुडाली. गिरणीत वीज जाऊन आली की आम्ही पंधरा-वीस पोरे एकदम पुढे सरकून ओरडत असू, "मामा, माझं झालं का?" मामा मशीन थांबवून डबे शोधू लागत, आणि सगळ्यांचेच दळण आणखी लांबे. एका व्यवहाराची स्थिती जास्तीत जास्त तीन वेळा विचारावी, आणि तीही मध्ये अवधी सोडून, अशी शिस्त त्या प्रसंगानंतर बँकांना पुन्हा बजावण्यात आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात खात्यातली शिल्लक किती वेळा पाहावी यालाही ५० ची मर्यादा आली.

पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर असूनही चौथ्याची शिस्त सुटली की काय होते, याचा हा मोठा पाठ आहे. सामाईक इंटरफेस म्हणजे काम कसे करायचे याचा करार नसतो. ते ज्याचे त्याने ठरवावे. वाट कशी पाहायची, याचा तो करार असतो.

वर्गात करून पाहा

हा खेळ एका तासिकेत होतो. सहा मुलांना सहा बँका करा, एकाला मधला टपालवाला. प्रत्येक बँकेजवळ वहीत एक खाते आणि त्यात १,००० रुपये. बोलायचे नाही; सगळे निरोप कागदाच्या चिठ्ठीवर. पहिल्या फेरीत चिठ्ठीवर फक्त रक्कम आणि नावे लिहू द्या. टपालवाल्याला गुपचूप सांगून ठेवा की दर पाचवी चिठ्ठी खिशात ठेवायची, आणि त्यांतल्या एखाद-दुसरीची नक्कल करून ती दोनदा द्यायची. दहा मिनिटांनी सगळ्या खात्यांची बेरीज करा. ती ६,००० येते का ते पाहा.

बहुधा येणार नाही. मग नियम न सांगता मुलांनाच विचारा : चिठ्ठीवर आणखी काय लिहिले असते तर हे टळले असते? कोणी नंबर सुचवील, कोणी पोच सुचवील, कोणी 'पाच मिनिटांत उत्तर नाही आले तर' असे काही म्हणेल. मुले ठरवतील ते नियम फळ्यावर लिहा आणि दुसरी फेरी त्या नियमांनी खेळा. टपालवाल्याची खोडी तशीच चालू ठेवा.